मोर्तबापूर्वीची नोंद : व्यवहार-विदागारांच्या विश्वासार्हतेचा इतिहास

मराठेशाहीतील अस्सल कागद हाताळणाऱ्या अभ्यासकास पत्राचा मजकूर संपल्यानंतर येणाऱ्या काही त्रोटक खुणा नित्य परिचयाच्या असतात. ‘रुजू सुरनिवीस’, ‘बार’, ‘मोर्तब सूद’ असे शेरे, आणि पुष्कळदा मजकुराच्या अगदी अखेरीस मर्यादेची लहान मुद्रा. ह्यांपैकी ‘रुजू’ म्हणजे कागद पडताळून पाहिला. ‘बार’ म्हणजे त्याची नोंद दफ्तरात झाली. आणि मोर्तब म्हणजे मजकूर येथे पुरा झाला, ह्यापुढे एक अक्षरही वाढवावयाचे नाही. एकाच कागदावर निरनिराळ्या हातचे हे शेरे का असावेत, ह्याचे उत्तर कठीण नाही. लिहिणारा, पडताळणारा, दफ्तरात चढविणारा आणि शिक्का करणारा हे सारे एकच असते, तर त्या शिक्क्यास फारशी किंमत उरली नसती.

दफ्तराच्या ह्या व्यवस्थेचे स्मरण येथे करण्याचे कारण असे की, ज्यास आज सर्वत्र डेटाबेस म्हणतात व ज्यास मराठीत ‘विदागार’ असा प्रतिशब्द काही लेखक योजतात, त्याचा इतिहास पाहू गेल्यास जवळजवळ हेच प्रश्न नव्या वेषात पुढे उभे राहतात. (‘विदागार’ हा शब्द प्रस्तुत लेखकास फारसा प्रिय नाही, परंतु अन्य सोयीचा शब्द हाताशी नसल्याने तोच येथे स्वीकारला आहे.) बँकेतील ठेव, विम्याचा हप्ता, आगगाडीचे आरक्षण, कंपनीचे भाग, शेताचा सातबारा ह्या सर्वांची मूळ नोंद आता विदागारात असते, कागद असलाच तर तो त्या नोंदीचा उतारा असतो. अशा नोंदीवर विश्वास का ठेवावा? यंत्र मध्येच बंद पडले तर ती नोंद अर्धवट राहत नाही ना? आणि ज्याच्या हाती किल्ली आहे त्याने ती गुपचूप बदलली तर कोणास कळेल? ह्यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९६० ते १९९२ ह्या काळात उत्तम प्रकारे सापडले, आणि ते बहुतांशी जुन्या जमाखर्चाच्या शिस्तीतून सापडले. दुसऱ्याचे उत्तर मात्र कागदावर असूनही व्यवहारात वारंवार निसटत राहिले. ही विषम प्रगती कशी घडली, हे दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

व्हेनिस येथे १४९४ साली छापल्या गेलेल्या गणितविषयक ग्रंथात लुका पाचोली ह्या धर्मोपदेशकाने व्यापाऱ्यांच्या हिशेबपद्धतीचे जे विवेचन केले आहे, त्यात तीन वह्या सांगितल्या आहेत : कच्च्या टिपणांची, दैनंदिन नोंदींची आणि खात्यांची. आपल्याकडील पेढ्यांवर रोजकीर्द आणि खतावणी ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिचे तत्त्वही तेच. घडलेली गोष्ट घडल्या क्रमाने आधी रोजकीर्दीत लिहावयाची. मग ती ज्या ज्या खात्यास लागू असेल तेथे चढवावयाची. खतावणी हरवली अगर भिजली, तरी रोजकीर्दीवरून ती पुन्हा उभी करता येते. उलट, रोजकीर्दच नाहीशी झाली तर खात्यातील शिल्लक कशी आली हे सांगणारा साक्षीदारच उरत नाही. ह्याच्या जोडीला आणखी एक नियम होता. चूक झाल्यास आकडा खोडावयाचा नाही. उलट नोंद करून ती दुरुस्त करावयाची, म्हणजे चूक आणि दुरुस्ती ही दोन्ही पुढील वाचकास दिसतात.

संगणकाच्या आरंभकाळात हा नियम पाळण्यासाठी कोणास मुद्दाम प्रयत्न करावा लागला नाही. १९५१ साली अमेरिकेच्या जनगणना खात्यास मिळालेल्या युनिव्हॅक यंत्रापासून चुंबकीय फितीचा वापर रूढ होऊ लागला. फितीवरील मधलाच एखादा आकडा बदलणे सोयीचे नसे. म्हणून जुनी मुख्य फीत आणि दिवसभराच्या उलाढालीची फीत ह्या दोन्ही वाचून यंत्र एक तिसरी, नवी मुख्य फीत तयार करी. साहजिकच जुनी फीत जशीच्या तशी शिल्लक राही. आजा, बाप आणि मुलगा अशा तीन पिढ्यांच्या फिती कपाटात जपून ठेवण्याची पद्धत त्यातूनच पडली. मुलगा बिघडला तर बापावरून तो पुन्हा घडविता येई. सुरक्षितता ही येथे कोणाच्या दूरदृष्टीची निष्पत्ती नव्हती. साधनाच्या अडचणीतून ती आपोआप पदरात पडली होती.

१९५६ साली आय. बी. एम. कंपनीने ‘रॅमॅक’ हे यंत्र बाजारात आणले आणि ही स्थिती पालटली. ५० मोठ्या चकत्यांच्या त्याच्या संग्राहकात ५० लक्ष अक्षरे मावत, आणि त्यांतील हवे ते अक्षर थेट गाठून जागच्या जागी बदलता येई. ग्राहक खिडकीशी उभा असताना त्याची शिल्लक सांगता येणे, हा केवढा लाभ! परंतु ह्या लाभाबरोबर एक हानी आली, आणि तिच्याकडे प्रारंभी फारसे कोणाचे लक्ष गेले असे दिसत नाही. नवा आकडा लिहिताच जुना आकडा नाहीसा होऊ लागला. शतकानुशतके जमाखर्चाने जी खाडाखोड निषिद्ध मानली होती, ती आता यंत्राची स्वाभाविक क्रिया बनली. प्रस्तुत लेखकाच्या मते विदागारांच्या इतिहासातील खरा सांधा हा आहे. पुढील ३०–३५ वर्षांतील बहुतेक संशोधन चकतीने हिरावून घेतलेली रोजकीर्द परत मिळविण्याच्या खटाटोपाचे आहे.

हा खटाटोप प्रथम विमान कंपन्यांच्या कचेऱ्यांत सुरू झाला. अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ आणि आय. बी. एम.चे विक्रेते ब्लेअर स्मिथ ह्यांची १९५३ साली एका विमानप्रवासात शेजारी बसल्याने गाठ पडली, आणि त्या ओळखीतून पुढे ‘सेबर’ ही आरक्षणव्यवस्था जन्मास आली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्कजवळील ब्रायरक्लिफ मॅनर येथे दोन ७०९० यंत्रांवर ती चालू झाली. एक काम करी, दुसरे पहिले बंद पडल्यास हाती घेण्यासाठी सज्ज असे. येथे अडचण केवळ यंत्र बंद पडण्याची नव्हती. एका शहरातील कारकुनाने शेवटची जागा रिकामी पाहिली, त्याच क्षणी दुसऱ्या शहरातील कारकुनानेही पाहिली, आणि दोघांनीही ती विकली, तर यंत्रात कोणताही बिघाड नसताना नोंद खोटी ठरते. एकाच वहीवर शेकडो कारकून एकाच वेळी लिहू लागले म्हणजे काय होते, हा प्रश्न कागदी दफ्तरास कधी पडला नव्हता.

ह्याच दशकात चंद्रमोहिमेची जुळवाजुळव चालली होती. अपोलो यानाच्या असंख्य सुट्या भागांची यादी सांभाळण्यासाठी आय. बी. एम.ने यानाच्या बांधणीचे काम करणारी नॉर्थ अमेरिकन आणि कॅटरपिलर ह्या कंपन्यांच्या सहकार्याने १९६६ साली जे काम हाती घेतले, त्यातून ‘आय. एम. एस.’ हे विदागार निर्माण झाले. कॅलिफोर्नियातील डाउनी येथे १४ ऑगस्ट १९६८ रोजी त्याने आपण सिद्ध असल्याचा पहिला संदेश दिला. चंद्रमोहीम संपली, पण बँका व विमा कंपन्या ह्यांच्या सेवेत त्याचे वंशज आजही आहेत. ह्या व्यवस्थेतील माहिती वृक्षासारख्या फांद्यांत बांधलेली असे, आणि कोणत्या फांदीने कोठे जावयाचे हे कार्यक्रम लिहिणारास ठाऊक असावे लागे. एडगर कॉड ह्या ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या गणितज्ञाने जून १९७०च्या आपल्या निबंधात ही बंधने तोडली. माहिती साध्या सारण्यांत ठेवावी, आणि काय हवे ते सांगावे, कसे शोधावे ते यंत्राने ठरवावे, असे त्याचे म्हणणे होते. कॉडच्या सिद्धांतावर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्याचा एवढाच संबंध की, तो खरा करून दाखविण्यासाठी सॅन होजे येथील प्रयोगशाळेत १९७०च्या दशकाच्या मध्यास जो ‘सिस्टिम आर’ प्रकल्प उभा राहिला, त्यात जिम ग्रे होता.

ग्रेचे नाव ह्या इतिहासात मध्यभागी ठेवावे लागते. व्यवहार म्हणजे काय, ह्या प्रश्नास त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गणिती काटेकोरपणा दिला. एका खात्यातून ५०० रुपये वजा करणे आणि दुसऱ्यात ते जमा करणे ह्या दोन नोंदी यंत्रास दोन क्रिया असतील, पण मनुष्याच्या दृष्टीने तो एकच व्यवहार आहे. दोन्ही व्हाव्यात, किंवा एकही होऊ नये. १९७६ साली एस्वरन, ग्रे, लोरी व ट्रेगर ह्या चौघांनी, अनेक व्यवहार एकाच वेळी चालू असताना कुलपे कोणत्या शिस्तीने घालावी व काढावी म्हणजे फळ एकामागून एक केलेल्या व्यवहारांसारखेच येईल, हे सिद्ध केले. एकदा एखादे कुलूप सोडले की नवे घ्यावयाचे नाही, हा त्या शिस्तीचा गाभा. ‘सेबर’च्या दोन कारकुनांची अडचण त्यात सुटली.

यंत्र मध्येच बंद पडण्यावरचा उपाय ग्रेच्या १९७८ सालच्या टिपणांत सविस्तर आला आहे. विदागारातील कोणताही आकडा चकतीवर बदलण्यापूर्वी, काय होते आणि काय होणार ह्याची नोंद एका स्वतंत्र क्रमवार वहीत, तंत्रज्ञ जिला ‘लॉग’ म्हणतात तीत, पक्की करावयाची. व्यवहार पुरा झाला असे ग्राहकास सांगण्यापूर्वी त्या वहीत समाप्तीची खूण उमटली पाहिजे. ती खूण नसेल, तर व्यवहार झालाच नाही असे समजावयाचे. आधी रोजकीर्द, मग खतावणी. आणि मोर्तब नसलेला कागद ग्राह्य नाही. ही तुलना केवळ आमच्या कल्पनेतील नव्हे. १९८१ साली लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ग्रेने स्वतःच व्यवहाराची कल्पना करारांच्या कायद्यातून आली असल्याचे म्हटले आहे. आणि चांगला हिशेबनीस वहीतील नोंद कधी बदलत नाही, चूक दुसऱ्या नोंदीने भरून काढतो, ह्याकडे लक्ष वेधून, जागच्या जागी आकडा बदलण्याची सवय हे विषारी सफरचंद तर नव्हे, असा प्रश्न एका प्रकरणाच्या शीर्षकातच विचारला आहे. आपण नवे काही शोधीत नसून सुटलेले काही परत आणीत आहो, ह्याची त्यास पुरेपूर जाणीव होती. १९८३ साली जर्मनीतील हेर्डर व रॉयटर ह्यांनी व्यवहाराचे चार गुण एकत्र बांधून त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘ॲसिड’ हा शब्द रूढ केला : व्यवहार अखंड असावा, विदागार सुसंगत राहावे, एका व्यवहाराची अर्धी स्थिती दुसऱ्यास दिसू नये, आणि पुरा झालेला व्यवहार टिकावा.

ह्या परंपरेची परिणती म्हणून १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एरीझ’ पद्धतीकडे पाहावे लागेल. तिचे प्रमुख कर्ते सी. मोहन हे मद्रासच्या आय. आय. टी.तून रसायन अभियांत्रिकी शिकलेले. त्यांनी व त्यांच्या चार सहकाऱ्यांनी सांगितलेला मार्ग इतिहासाच्या अभ्यासकास विशेष रुचावा असा आहे. बंद पडलेले यंत्र पुन्हा चालू झाले म्हणजे ते प्रथम वही वाचून कोठवर काय झाले होते ह्याचा अंदाज घेते. नंतर ते घडलेला इतिहास जसाच्या तसा पुन्हा घडविते; जे व्यवहार पुरे झाले नव्हते त्यांच्या नोंदीसुद्धा ते आधी पुन्हा लागू करते. ‘इतिहासाची पुनरावृत्ती’ हा शब्दप्रयोग त्या निबंधातीलच आहे. अपघाताच्या क्षणीची नेमकी स्थिती अशी उभी राहिल्यावर, मगच अपुरे व्यवहार एकेक करून मागे घेतले जातात, आणि हे मागे घेणेही वहीत नवी नोंद करूनच होते. मागे घेत असताना यंत्र पुन्हा बंद पडले, तरी गोंधळ होत नाही. ज्या घटना पुढे रद्द ठरल्या त्याही घडल्या होत्या हे आधी मान्य करावयाचे आणि नंतर त्यांचा निरास करावयाचा, ही दृष्टी पुष्कळ इतिहासलेखकांनीही घेण्यासारखी आहे.

ह्या तत्त्वांवर किती भार टाकला गेला ह्याचे एक उदाहरण मुंबईचे आहे. १९९०च्या दशकापर्यंत कंपनीचा भाग म्हणजे छापील प्रमाणपत्र. ते टपालात हरवे, त्यावरील सही जुळत नसे, बनावट प्रमाणपत्रे निघत, आणि खरेदीनंतर नाव चढण्यास महिने लागत. १९९६ साली निक्षेपागारांचा कायदा झाला आणि त्याच वर्षी मुंबईत ‘नॅशनल सिक्युरिटीज डिपॉझिटरी’ ही संस्था चालू झाली. भागाचे कागदी प्रमाणपत्र रद्द करून त्याजागी केवळ नोंद ठेवण्याची सोय झाली. ह्या नोंदीमागे आता कागद नाही. नोंद हीच मालमत्ता. कायद्याच्या परिभाषेत निक्षेपागार हा नोंदलेला मालक आणि गुंतवणूकदार हा लाभधारी मालक. म्हणजे सामान्य गृहस्थाची आयुष्यभराची बचत दुसऱ्याच्या वहीतील एका ओळीच्या रूपाने उरते. ती ओळ यंत्रबिघाडात नष्ट होत नाही, ह्याचे श्रेय वर सांगितलेल्या संशोधनास दिले पाहिजे.

येथवरचा इतिहास यशाचा आहे. परंतु ह्याच ग्रेने १९८५ साली, सहसा बंद न पडणारी यंत्रे करणाऱ्या टँडम कंपनीत असताना, संगणक बंद का पडतात ह्याची पाहणी केली, तेव्हा निराळेच चित्र दिसले. त्याने तपासलेल्या बिघाडांपैकी यंत्रसामग्रीच्या वाट्यास सुमारे १८ टक्के आले. देखभाल व व्यवस्थापन करणाऱ्या माणसांच्या हातून झालेले ४२ टक्के होते. यंत्र जसजसे निर्दोष होत गेले, तसतसा त्याच्या शेजारी बसलेला मनुष्य ठळक दिसू लागला.

ह्या मनुष्याचा विचार झाला नव्हता असे मात्र नाही. १९७५ साली सॉल्ट्झर व श्रोडर ह्यांनी संगणकातील माहितीच्या रक्षणाची जी सूत्रे मांडली, त्यांत प्रत्येकास कामापुरताच अधिकार द्यावा आणि महत्त्वाच्या कुलपास दोन निरनिराळ्या हातांतील दोन किल्ल्या असाव्यात, ही दोन्ही होती. १९७६ साली, म्हणजे कुलपांवरील निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, सिस्टिम आरमधील ग्रिफिथ्स व वेड ह्यांनी कोणास कोणती सारणी वाचता यावी, बदलता यावी, तो अधिकार पुढे कोणास देता यावा आणि परत कसा घेता यावा, ह्याचे नियम बसविले. १९८७ साली क्लार्क व विल्सन ह्यांनी एक मूलगामी भेद दाखविला. लष्करास चिंता असते ती गुप्ततेची, माहिती कोणी पाहू नये ह्याची. व्यापारास त्याहून अधिक चिंता असते ती नोंदीच्या खरेपणाची, ती कोणी भलतीच करू नये ह्याची. म्हणून व्यापारी विदागारात कोणासही आकडा थेट बदलता येऊ नये, ठरविलेल्या व्यवहारांच्या द्वारेच बदलता यावा; आणि व्यवहार करणारा व त्यास मान्यता देणारा हे भिन्न असावेत. विल्सन हे हिशेबतपासनिसांच्या एका पेढीत काम करीत होते, हे येथे अर्थपूर्ण आहे. सुरनिसाने रुजू करावे आणि शिक्का दुसऱ्याने करावा, ही जुनीच गोष्ट त्यांनी सिद्धांताच्या रूपाने सांगितली.

मग अडले कोठे? लॉगची शिस्त यंत्रात एकदा बसविली की ती प्रत्येक क्षणी आपोआप पाळली जाते. तीत कारकुनाच्या मर्जीस स्थान नाही. अधिकारविभागणीचे तसे नाही. यंत्र तिचे साधन देते, पण किल्ल्या कोणास द्यावयाच्या हे संस्थेने ठरवावयाचे असते. आणि निकडीच्या वेळी सर्व किल्ल्या एकाच विश्वासू मनुष्याच्या खिशात असणे संस्थेस नेहमीच सोयीचे वाटते. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ ह्या संगणकसेवा देणाऱ्या कंपनीतील एका अभियंत्याने थकव्याच्या भरात चुकीच्या यंत्रावर आज्ञा देऊन मुख्य विदागारच पुसून टाकले. प्रती ठेवण्याच्या अनेक योजना तेथे कागदोपत्री होत्या. वेळ आली तेव्हा नित्याच्या प्रती कित्येक दिवस तयारच होत नव्हत्या असे आढळले, आणि तशी सूचना देणारी पत्रेही वाटेतच नाकारली जात होती. सुमारे सहा तासांपूर्वी अन्य कामासाठी घेतलेली एक प्रत हाती लागली म्हणून निभावले. कंपनीने ही सर्व हकीकत जगापुढे उघडपणे मांडली, हे तिच्या प्रामाणिकपणाचे द्योतक होय.

पुण्यातील कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८मध्ये झालेला हल्ला ह्याहून वेगळ्या जातीचा. ११ व १३ ऑगस्ट ह्या दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यांतील मोठा भाग २८ देशांतील यंत्रांतून रोख काढला गेला. ग्राहकांच्या खात्यांस धक्का लागला नव्हता, असे बँकेने त्यावेळी सांगितले, आणि ते तांत्रिक दृष्ट्या समजण्यासारखे आहे. चोरांनी वही फोडलीच नाही. रोकड मागणारे यंत्र आणि वही ह्यांच्या मध्ये ‘रक्कम द्यावी’ असा होकार देणारी जी व्यवस्था असते, तिच्या जागी त्यांनी आपली तोतया व्यवस्था उभी केली. खतावणी निष्कलंक राहिली आणि तिजोरी मात्र रिती झाली. विदागाराच्या भिंती कितीही जाड असल्या तरी त्यास विचारल्यावाचून त्याच्या नावे उत्तर देणारा मध्ये उभा राहू शकतो, हा धडा पुणेकरांस महागात मिळाला.

तथापि ह्या विषयातील सर्वांत दुःखद प्रकरण ब्रिटनमधील टपालखात्याचे आहे. तेथील पोस्ट ऑफिसने १९९९पासून आपल्या शाखांत ‘होरायझन’ ही हिशेबव्यवस्था बसविली, ती आय. सी. एल. व पुढे फुजित्सू ह्या कंपनीकडे होती. गावोगावी छोटी टपालकचेरी चालविणाऱ्या उपडाकपालांच्या हिशेबात तुटी दिसू लागल्या. यंत्र तूट दाखविते म्हणजे ती आहेच, आणि ज्याअर्थी आहे त्याअर्थी ती ह्यांनीच केली, अशा तर्काने त्यांच्याकडून पैसे भरून घेतले गेले, अनेकांवर चोरीचे व खोट्या हिशेबाचे खटले झाले. १९९९ ते २०१५ ह्या काळात ९००हून अधिक लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींची घरेदारे गेली, काहींनी जीव दिला. बहुसंख्य खटले स्वतः पोस्ट ऑफिसनेच चालविले होते. वही ठेवणारा, तूट काढणारा आणि फिर्याद करणारा एकच!

ॲलन बेट्स ह्यांच्या पुढाकाराने ५५५ जणांनी दावा लावला, आणि १६ डिसेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती फ्रेझर ह्यांनी दिलेल्या निकालात यंत्रातील दोषांची सविस्तर चिकित्सा झाली. त्या प्रकरणात पुढे आलेल्या दोषांपैकी एक येथे सांगतो. एका शाखेतून दुसरीकडे नेलेल्या ८,००० पौंडांची पोच घेताना पडदा अडकल्यासारखा दिसे, म्हणून कर्मचारी पुन्हा कळ दाबी, आणि प्रत्येक दाबण्यागणिक नवी पोच नोंदली जाई. चार वेळा नोंद झाल्याने २४,००० पौंडांची तूट दिसली. वर वर्णिलेल्या शिस्तीच्या दृष्टीने पाहिले तर ह्या चारही नोंदी व्यवस्थित केल्या आणि जपल्या गेल्या. फक्त त्यांतील तीन घटना घडल्याच नव्हत्या. विदागार जे त्यास सांगितले जाईल ते इमानाने जपते. सांगितलेले खरे होते की नाही, हे त्यास कळावयास मार्ग नसतो.

दुसरी बाब अधिक गंभीर. शाखेच्या हिशेबात फुजित्सूच्या कर्मचाऱ्यांस दुरून, उपडाकपालाच्या नकळत, नोंदी घालता येत होत्या. पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षे ह्याचा इन्कार करीत होते. उपडाकपालास मूळ लॉग पाहण्याची सोय नव्हती. त्याच्या नावे झालेली नोंद त्यानेच केली की अन्य कोणी, हे तो दाखवू शकत नव्हता, आणि जे दाखवू शकत होते ते प्रतिपक्षाकडे होते. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली. २०२४ साली स्वतंत्र कायदा करून संसदेने उरलेल्या शेकडो दोषसिद्धी एकदम रद्द केल्या. इंग्लंडमध्ये १९८४च्या कायद्याप्रमाणे संगणकाची नोंद पुराव्यात देताना यंत्र नीट चालत होते हे दाखवावे लागे. ते कलम १९९९च्या कायद्याने काढून टाकले गेले, आणि होरायझन शाखांत पसरत होते त्याच सुमारास, यंत्र नीट चालते असे न्यायालयाने गृहीत धरावे ही स्थिती तेथे आली. नोंदीचे आयुष्य वाढविणाऱ्या शास्त्राचे यशच येथे आरोपीच्या विरुद्ध उभे राहिले. यंत्र विसरत नाही, ह्याचा अर्थ यंत्र चुकत नाही असा घेतला गेला.

भारतात कायद्याची वाट वेगळी राहिली आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने १८७२च्या पुरावा अधिनियमात ६५-ब हे कलम घातले. त्याप्रमाणे संगणकातील नोंदीचा उतारा दाखल करताना, ते यंत्र ज्याच्या जबाबदारीत आहे त्याने प्रमाणपत्र द्यावे लागे. हे प्रमाणपत्र खरोखर अनिवार्य आहे काय, ह्याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. त्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२०मध्ये ज्या प्रकरणात दिला, ते जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४च्या निवडणुकीतून निघाले होते. उमेदवारी अर्ज मुदतीत आला की नंतर, हे निवडणूक कचेरीतील चित्रमुद्रणावरून ठरवावयाचे होते, आणि ज्यांच्या ताब्यात ते यंत्र होते ते अधिकारी मागूनही प्रमाणपत्र देत नव्हते. मूळ यंत्रच न्यायालयापुढे आणलेले नसेल तर प्रमाणपत्र हवेच, आणि ते नाकारले गेल्यास न्यायालयाकडून मागविता येईल, असे न्यायालयाने ठरविले. १ जुलै २०२४पासून जुन्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे. त्याच्या ६३व्या कलमाखालील प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. पहिला भाग नोंद दाखल करणाऱ्याने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने. आणि दोहोंत त्या नोंदीचा गणिती ठसा, म्हणजे एक अक्षर बदलले तरी जो बदलतो असा अंक, लिहावा लागतो. ठसा उतरविल्यानंतर नोंद बदलली नाही, एवढे त्यावरून कळते. ठसा उतरविण्यापूर्वी तिला किती हात लागले, हे विचारण्याचा रकाना त्या नमुन्यात नाही.